लिंबाखाली पुरलेलं पित्ताशय

"मागच्या ऑपरेशनची बायोप्सी कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातली ती खोली मला अजून दिसते. काचेवर सीटी स्कॅनची फिल्म लावलेली. माझ्या बाजूच्या खुर्चीत शमीम, माझी बायको, डोळे हळदीसारखे पिवळे. हा पित्ताशयाचा कॅन्सर आहे, त्याला गॉलब्लॅडर कॅन्सर म्हणतात, तो यकृतात आणि बेंबीजवळच्या जुन्या टाक्यात पसरलाय, असं डॉक्टर सांगून मोकळे झाले होते. ते ऐकूनही शमीम हलली नव्हती.

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "रिपोर्ट साफ आलता, साहेब. ह्यांनीच सांगितलं."

"मग कागद दाखवा ना."

कागद नव्हता. कधीच नव्हता. मी फरशीकडं बघत बसलो. शमीमनं माझ्याकडं मान वळवली आणि तिला सगळं कळलं. सव्वीस वर्षं संसार केलेल्या बाईला माणूस खोटं बोललाय हे कळायला कितीसा वेळ लागतो?

मी अन्वर. तेलगावला फाट्यावर माझं ट्रॅक्टर आणि मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. लोक मिस्त्री म्हणतात. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठी झाली, गिऱ्हाईक मराठी, आणि डोकं फिरलं की शिव्याही मराठीतच येतात, म्हणून हे मराठीत लिहितोय. शमीमचं बोलणंही मराठीतच सांगतो. माझा स्वभाव तापट आहे, घाईचा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या घाईतूनच झालं.

सुरुवात साधी होती. भजी खाल्ली, मटण खाल्लं की शमीमच्या उजव्या बरगडीखाली दुखायचं. कळ मागं खांद्यापर्यंत जायची. गॅस म्हणून आम्ही ओवा खाल्ला, सोडा प्यायला. असं दोन वर्षं चाललं. तुमच्या घरात कुणाला असं होत असेल तर ओव्यावर भागवू नका, पोटाची सोनोग्राफी करून घ्या. माजलगावात सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं, लॅपरोस्कोपी म्हणतात ते. पोटाला चार छोटी भोकं पाडतात आणि पिशवी बेंबीजवळून बाहेर काढतात.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन माझ्या हातात दोन वस्तू दिल्या. एक छोटी बाटली, तिच्यात हिरवट काळे खडे. दुसरी मोठी प्लास्टिकची डबी, तिच्यात औषधाच्या पाण्यात बुडालेली पिशवी. सोबत एक चिठ्ठी. "ही डबी आजच बीडच्या लॅबला पोचवा," ते म्हणाले. "पिशवी तपासून घ्यायची असते." त्यांचं काहीच चुकलं नाही. त्यांनी सांगितलं, मी मान हलवली.

आता माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो.

मी तिसरीत असताना अब्बांची दोन बोटं कडबा कुट्टीच्या यंत्रात गेली. तुटलेली बोटं आम्ही टाकून देत नाही. शरीराचा भाग आहे, त्याला मातीचा मान आहे. अब्बांनी हाताला पट्टी बांधून घेतली, बोटं पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि मला सोबत घेऊन कब्रस्तानात गेले. कडुलिंबाच्या झाडाखाली एका हातानं खड्डा उकरला. मी रडत होतो आणि ते हसत होते. नंतर कित्येक वर्षं कुणी हात बघून विचारलं की म्हणायचे, "दोघं पुढं गेलेत, माझी जागा धरून बसलेत." शेवटी त्यांना तिथंच जागा मिळाली.

तर डबी हातात आल्यावर मला लॅब आठवलीच नाही. लिंब आठवला. खडे निघाले, दुखणं संपलं, आता राहिली ती शमीमच्या शरीरातली एक वस्तू, तिला नीट मातीत घालायचं, एवढंच. बीडला जाऊन रांगेत उभं राहायचं कावून? दुकानात दोन ट्रॅक्टर खोलून पडले होते. मी गावी आलो, पिशवी पांढऱ्या कपड्यात बांधली, अब्बांच्या शेजारी पुरली आणि हात धुऊन कामाला लागलो. आपण लई मोठं कर्तव्य केलं असं वाटत होतं.

टाके काढायच्या दिवशी शमीम दुकानात आली. मी एका ट्रॅक्टरखाली उताणा पडलो होतो. "अवो, त्या तपासणीचं काय आलं?" तिनं विचारलं. मी बाहेर तोंडही न काढता म्हणालो, "साफ हाय."

दोन शब्द. बोलताना मला ते खोटं वाटलंसुद्धा नाही. खडे गेले म्हणजे साफच की, असं मी धरून चाललो.

त्यानंतरचे आठ महिने मला सगळ्यात जास्त आठवतात. आमच्या संसारातले सगळ्यात चांगले महिने तेच होते, आणि ह्याचाच मला राग येतो. शमीम उमापूरची. तिचे वडील तिकडं फळं विकायचे, त्यामुळं फळ पारखणं तिच्या हातातच होतं. सीताफळाच्या दिवसांत आम्ही दोघं मोटरसायकलवर धारूरच्या डोंगराकडं जायचो, टोपल्या भरून आणायचो आणि ती दुकानासमोर पोतं अंथरून विकायची. मी घाईनं कच्ची फळं उचलायला लागलो की हातावर चापट बसायची. "डोळा उघडल्याबिगर हात लावू नका," म्हणायची. सीताफळाच्या खवल्यांमधली रेघ रुंद आणि पिवळसर झाली की आमच्याकडं डोळा उघडला म्हणतात.

त्या वर्षी दुखणं नव्हतं, म्हणून तिनं भजी खाल्ली, मटण खाल्लं, लेकीच्या सासरी धर्मापुरीला जाऊन तिथलं जुनं देऊळ बघून आली. येताना गाडीवर मागं बसून बोलत होती. दगडातल्या बायकांच्या अंगावर किती दागिने कोरलेत आणि माझ्या अंगावर किती हायत, असा तिचा हिशोब चालला होता. आतमध्ये काय वाढत होतं ते तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण मला माहीत करून घेता आलं असतं.

मग अंगाला खाज सुटली. लघवी चहासारखी झाली. जेवण नकोसं झालं आणि बेंबीजवळच्या टाक्यात सुपारीएवढी गाठ हाताला लागायला लागली. डोळे पिवळे झाले तशी आम्ही काविळीची माळ घातली. तीन आठवडे त्या माळेत घालवले. माळ लांब होत गेली की कावीळ उतरते म्हणतात. माळ लांब झाली आणि शमीम बारीक झाली. शेवटी लेक नाजिया येऊन भांडली, तेव्हा औरंगाबाद गाठलं.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर आम्ही बाकावर बसलो. मी तिला सगळं सांगितलं. डबी, लिंब, ट्रॅक्टर. तिनं मधे एकदाही अडवलं नाही.

"कुठं पुरलं?"

"अब्बांच्या बाजूला."

"पिशवी माझी व्हती," ती म्हणाली. "मला इचारलं न्हाई तुमी."

मग मी डॉक्टरांना एकट्यानं गाठून विचारलं, "तेव्हाच कळलं असतं तर?" ते खोटं बोलले नाहीत. पिशवी तपासताना असा कॅन्सर कधी कधी अचानक सापडतो, म्हणाले. लवकर सापडला तर पुन्हा ऑपरेशन करून यकृताचा थोडा भाग आणि आजूबाजूच्या गाठी काढतात, आणि काही लोक बरे होतात. "तुमच्या बायकोचं काय झालं असतं हे आता कुणीच सांगू शकत नाही." हे वाक्य मी आजही घेऊन फिरतो.

परतीच्या गाडीत ती गेवराईला उतरली. "मी उमापूरला चालले," एवढंच बोलली. भाऊ न्यायला आला होता. मी एकटा तेलगावला आलो. चार दिवस दुकानाचं शटर उघडलं नाही. इलाज नको म्हणाली तर मी काय करणार होतो? ती मला सोडते का ठेवते ह्यापेक्षा, ती स्वतःला जगू देते का नाही, ही भीती मोठी होती. अशी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

पाचव्या दिवशी ती दारात. हातात पिशवी, पिशवीत दवाखान्याची फाइल.

"उद्याची तारीख हाय ना?"

"हाय."

"मंग असं उभं कावून राहिलात? लाज वाटायची ती वाटू द्या. मोठ्या दवाखान्यातली दारं मला सापडत न्हाईत."

पहिलं काम कावीळ उतरवायचं होतं. पित्त वाहून नेणारी नळी गाठीनं दाबली होती. तोंडातून दुर्बीण घालून त्या नळीत दुसरी छोटी नळी बसवतात. त्याला ईआरसीपी म्हणतात, आणि आत बसवलेल्या नळीला स्टेंट. मला हे लगेच समजलं, डिझेलचा पाइप दबला की इंजिन बंद पडतं हे रोजचंच आहे. तिची खाज आठवड्यात कमी झाली. ज्या दिवशी तिनं पहिल्यांदा पोटभर वरणभात खाल्ला, त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडलो.

मग बेंबीजवळच्या गाठीची बायोप्सी, म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासणं. त्याच दिवशी एक तरुण मॅडम आमच्याकडं आल्या. त्या संशोधन करत होत्या. तुकडा काढताना एक जास्तीचा तुकडा आणि थोडं रक्त अभ्यासासाठी द्याल का, असं त्यांनी विचारलं. मला नाही, शमीमला विचारलं. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

लाँग नॉन-कोडिंग आरएनए हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. मॅडमनी सोपं करून सांगितलं. प्रत्येक पेशीत डीएनए असतो, तो मूळ मजकूर. त्यातला हवा तेवढा भाग उतरवून घेतात, ती आरएनएची चिठ्ठी. काही चिठ्ठ्या वाचून पेशी प्रोटीन बनवते, शरीराचं काम प्रोटीनवर चालतं. पण काही लांबलचक चिठ्ठ्या अशा असतात की त्यांच्यापासून काहीच बनत नाही. पूर्वी बऱ्याच जणांना त्या कचरा वाटायच्या. आता कळतंय की त्यातल्या काही बाकीच्या कामांवर हुकूम चालवतात. कोणतं काम वाढवायचं, कोणतं थांबवायचं.

मी गोंधळलो. शमीम म्हणाली, "म्हंजी मुकादम."

मॅडमना कळेना. मग तिनंच समजावलं. आमच्याकडनं ऊस तोडायला टोळ्या जातात. मुकादम कोयत्याला हात लावत नाही, एक मोळी बांधत नाही. पण कोणती जोडी कोणत्या फडात जायची ते तो ठरवतो. मुकादम बिघडला की टोळी बिघडली.

मॅडम हसल्या. "अगदी तसंच. पित्ताशयाच्या कॅन्सरमध्ये ह्यातले काही मुकादम फार वाढलेले दिसतात, ते गाठीला वाढायला, पसरायला मदत करतात. आणि आवर घालणारे काही कमी झालेले दिसतात. आम्ही ते मोजतो. पुढंमागं त्यावरून हा आजार लवकर ओळखता येईल का, ते बघतोय."

"मला फायदा?"

"नाही. तुमच्या इलाजात ह्यानं काही फरक पडणार नाही. आणि पुढं कुणाला पडेल का, तेही मी आज सांगू शकत नाही."

"तुकडा मातीत घालणार का?"

"लगेच नाही. खूप थंड फ्रीजरमध्ये ठेवतो, त्यावर नाव नसतं, नंबर असतो. काम संपलं की नियमाप्रमाणे त्याची विल्हेवाट लावतात. पुरायला परत मिळणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचा इलाज असाच चालू राहील."

मला वाटलं ती आता मौलाना काय म्हणतील, भाऊ काय म्हणेल, असं बोलेल. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "पहिल्या डावाला माझं कुणी वाचलंच न्हाई. आता वाचा."

संमतीपत्र चार पानांचं होतं. शमीमला उर्दू वाचता येतं, मराठी अडखळत. मी सवयीनं कागद उचलला.

"तुमी न्हाई," ती म्हणाली. "मॅडम वाचतील. तुमी ऐका."

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी उठून गेलो असतो. बसून राहिलो. मॅडमनी चारही पानं वाचली. शमीमनं उर्दूत सही केली आणि साक्षीदाराच्या जागी बोट ठेवून मला म्हणाली, "हितं तुमची सही." मी केली. ती सही वाकडी आली आहे.

मग केमोथेरपी सुरू झाली, म्हणजे सलाइनमधून कॅन्सरची औषधं. दोन आठवडे औषध, तिसरा आठवडा सुट्टी, पुन्हा तेच. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जाताना घरचं जेवण आणि उलटीसाठी पिशवी दोन्ही घ्या, आणि ताप आला तर घरी बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. आणि हो, बाकावर शेजारी बसलेल्याशी बोला. आमच्या शेजारी परभणीचे एक मास्तर असायचे, त्यांनी शमीमला मराठी जोडाक्षरं शिकवली. सलाइन लागलेल्या हातानं ती पेपरातले मथळे वाचायची आणि मास्तर तिला मार्क द्यायचे.

सगळं मिळून चौदा महिने मिळाले. त्यात सीताफळाचा एक मोसम आला. डोंगरावर जाणं तिला झेपणार नव्हतं, म्हणून मी एकटा गेलो आणि टोपली आणून तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं एकेक फळ हातात घेऊन फिरवलं. सगळ्यांचे डोळे उघडलेले होते. एकही कच्चं नव्हतं. "शिकला म्हणायचा मिस्त्री," ती नाजियाला म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिनं मला मिस्त्री म्हटलं.

त्यानंतरच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणायला मी गेलो. गाठी वाढल्या होत्या, पोटात पाणी झालं होतं. येताना गाडीत मी दहा वेळा विचार केला की काय सांगायचं. घरी आलो तर ती अंगणात खाटेवर बसून होती. मराठी तिला आता बऱ्यापैकी वाचता येत होतं, पण हा रिपोर्ट इंग्रजीत होता. तिनं हात पुढं केला नाही. म्हणाली, "तुमी वाचा."

मी वाचला. अडखळत का होईना, प्रत्येक ओळ वाचली, डॉक्टरांनी सांगितलेला अर्थ सांगितला, यकृताचं, पाण्याचं, सगळं. मधे कुठं थांबलो नाही.

"काही सोडलं न्हाई ना?"

"न्हाई."

"बरं," ती म्हणाली. "चहा ठेवा."

माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मला तेवढा चहा पुरला.

ती गेली तेव्हा नाजिया उशाला होती आणि मी तिचे पाय धरून बसलो होतो. अब्बांच्या रांगेत जागा उरली नव्हती, पण दुपारी लिंबाची सावली तिच्यापर्यंत येते. मी जुम्म्याला जातो, दोन्हीकडं बसतो. आणि तिथं बसलो की आठवतं, शमीम सगळीच इथं नाही. एक तुकडा औरंगाबादच्या फ्रीजरमध्ये आहे, नंबर लावलेला. कुणीतरी तिचे मुकादम मोजतंय. ह्या विचारानं मला का बरं वाटतं ते नीट सांगता येत नाही, पण वाटतं. त्या मॅडमचे उपकार आहेत माझ्यावर. त्यांनी विचारलं. मी विचारलं नव्हतं.

पिशवी मातीत घालण्यात काही वाईट नाही, हेही सांगतो. आमच्या मौलानांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आधी तपासून घ्यायची, मग उरलेलं मागून आणायचं आणि पुरायचं, कोण अडवतंय? इतकं सोपं होतं. म्हणून दुकानाच्या भिंतीवर मी खडूनं लिहून ठेवलंय की पित्ताचं ऑपरेशन झालं असेल तर डबी माझ्याकडं द्या, मी बीडला पोचवतो. लोक आधी हसले. आता फोन येतात. लॅबमधले लोक मला डबीवाले मिस्त्री म्हणतात.

मागच्या महिन्यात बाबूराव धनगराचा दवाखान्यातून फोन आला. आमच्याच शिवारात मेंढरं राखतो, त्याच्या बायकोचं, सखूबाईचं, ऑपरेशन झालं होतं. "मिस्त्री, डबी दिलीय हातात. खडे तर निघाले, मंग ही कावून न्यायची? टाकून देऊ का?"

"तिथंच थांब बे. डबी सरळ धर. आलो."

दुकान तसंच उघडं टाकून गेलो. डबी सीटवर कापडानं बांधली आणि बीडपर्यंत गाडी चाळीसच्या वर नेली नाही. रिपोर्टच्या दिवशी पाकीट घेऊन लॅबच्या पायरीवर बसलो. फोडायला हात होईना. शेवटी फोडलं, पूर्ण वाचलं. काउंटरवरच्या बाईंकडून अर्थ विचारून घेतला आणि पुन्हा वाचलं. मग बाबूरावला फोन लावला.

"काय आलं, मिस्त्री?"

"साफ हाय," मी म्हणालो, आणि पुढं बोलताच येईना.

तिकडून मेंढरांचा आवाज येत होता. बाबूराव घाबरला. "नक्की ना?"

"कागद हातात हाय," मी म्हणालो. "सखूबाईला फोनजवळ बसव. वाचून दाखवतो." आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.